चित्र खरं की मजकूर?

मंडळी, काही महिन्यांपूर्वी आमच्या ऑफिसात एक भांडण झालं. जर्मन पद्धतीचं भांडण. म्हणजे आवाज कोणीच चढवला नाही, फक्त मीटिंग साडेतीन तास चालली आणि कॉफी संपली.

भांडणाचं मूळ होतं एक डॉक्युमेंट. बॅटरी चार्ज करणाऱ्या एका यंत्राचं सॉफ्टवेअर आम्ही बाहेरच्या कंपनीकडून लिहून घेत होतो. अशा कामात इथे दोन दस्तऐवज लागतात. गिऱ्हाइकानं 'मला काय हवं' ते लिहायचं, त्याला म्हणतात लास्टनहेफ्ट. काम घेणाऱ्यानं 'मी ते कसं करून देणार' ते लिहायचं, त्याला म्हणतात फ्लिश्टनहेफ्ट. हेफ्ट म्हणजे वही, लास्ट म्हणजे ओझं आणि फ्लिश्ट म्हणजे कर्तव्य. थोडक्यात, एक ओझ्याची वही आणि एक कर्तव्याची वही! जर्मन भाषा रुक्ष असते असं कोण म्हणतं?

तर आमच्या ओझ्याच्या वहीत एक वाक्य होतं: तापमान मर्यादेपलीकडे गेलं तर चार्जिंग बंद करावं आणि माणसानं बटण दाबल्याशिवाय पुन्हा सुरू करू नये. त्याच्या पुढच्याच पानावर एक सुंदर रंगीत आकृती होती. 'चार्जिंग चालू' आणि 'गरम झालं' असे दोन चौकोन, एक बाण जाणारा आणि एक बाण परत येणारा. परत येणाऱ्या बाणावर लिहिलं होतं, 'तापमान उतरलं'. बटणाचा पत्ताच नाही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी आकृती पाहून सॉफ्टवेअर लिहिलं. आमच्या टेस्टिंगवाल्यांनी वाक्य वाचून टेस्ट लिहिल्या. पुढे काय झालं ते सांगायला नकोच. तीन आठवडे वाया गेले आणि मग ती मीटिंग. एक बाजू म्हणे, "चित्र फक्त समजायला सोपं जावं म्हणून असतं, खरा करार मजकुराचा." दुसरी बाजू म्हणे, "मजकूर मोघम असतो, अचूक असतं ते मॉडेल." दोघांचंही म्हणणं ऐकताना मला पटत होतं, हीच तर पंचाईत!

बांधकामाच्या नकाशावर कोपऱ्यात एक सूचना हमखास असते: नकाशावर पट्टी लावून मोजू नये, लिहिलेले आकडेच प्रमाण मानावेत. रेघ आणि आकडा यांच्यात तंटा झाला तर कोण जिंकणार, हे त्या लोकांनी फार पूर्वी ठरवून टाकलं. सॉफ्टवेअरवाल्यांनी का नाही ठरवलं? या प्रश्नामागे लागून मी थोडा इतिहास खणला. तो इतका मजेदार निघाला, आणि शेवटी इतका गंभीर, की इथे लिहावासा वाटला.

सुरुवात करू या १९७७ पासून. अमेरिकेत डग्लस रॉस नावाच्या गृहस्थांनी त्या वर्षी आपल्या 'स्ट्रक्चर्ड अ‍ॅनालिसिस' पद्धतीवर एक लेख लिहिला. चौकोन आणि बाण यांची ही पद्धत. पुढे अमेरिकन हवाई दलानं तिचंच एक रूप उचललं, ते आयडेफ-शून्य या नावानं ओळखलं जातं. चौकोन-बाण काय, कोणीही काढतं. रॉस यांचं शहाणपण निराळ्या गोष्टींत होतं. एक तर एका पानावर तीन ते सहाच चौकोन काढायचे. जास्त झाले तर एका चौकोनाच्या पोटात शिरून नवं पान घ्यायचं. दुसरं म्हणजे आकृतीला एकटं सोडायचं नाही. आकृतीचा जो क्रमांक, त्याच क्रमांकाचं मजकुराचं पान आणि त्याच क्रमांकाचं शब्दार्थाचं पान. आणि तिसरं, लिहिणाऱ्यानं ही सगळी जुडी वाचणाऱ्याकडे पाठवायची, वाचणाऱ्यानं त्यावरच शेरे मारून ती परत करायची, आणि लिहिणाऱ्यानं प्रत्येक शेऱ्याला उत्तर द्यायचं. आमच्या ओझ्याच्या वहीत यांतली एक गोष्ट जरी पाळली असती तरी तीन आठवडे वाचले असते.

पण चित्रावर सगळ्यांचाच विश्वास नव्हता. १९७८ साली अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत कॅथरिन हेनिंजर, डेव्हिड पार्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विलक्षण काम केलं. ए-७ई नावाचं नौदलाचं हल्ला करणारं विमान होतं. त्यातला संगणक आजच्या मानानं अगदीच बापडा, त्याची स्मृती तुटपुंजी. त्याचं सॉफ्टवेअर चालत होतं, विमानं उडत होती. पण 'हे सॉफ्टवेअर नेमकं काय करतं' हे एका जागी कुठेच लिहिलेलं नव्हतं. या मंडळींनी ते नव्यानं लिहून काढलं. त्यांनी ना निबंध लिहिला, ना चित्रं काढली. त्यांनी तक्ते केले.

तक्त्यात असं काय मोठं? डाव्या हाताला विमान कोणत्या अवस्थेत आहे ते. आडव्या ओळीत त्या अवस्थेत संभवणाऱ्या अटी. खाली, त्या अटीत सॉफ्टवेअरनं काय करायचं ते. आता नियम असा, की एका ओळीतल्या सगळ्या अटी मिळून साऱ्या शक्यता झाकल्या गेल्या पाहिजेत, आणि कोणत्याही दोन अटी एकाच वेळी खऱ्या होता कामा नयेत. पहिला नियम मोडला तर काहीतरी सांगायचं राहिलंय. दुसरा मोडला तर एकाच प्रश्नाला दोन उत्तरं दिली गेलीत. निबंधात राहून गेलेली गोष्ट दिसत नाही, कारण न लिहिलेलं वाक्य जागा अडवत नाही. तक्त्यात मात्र रिकामी चौकट पडलेल्या दातासारखी लगेच दिसते! शिवाय यंत्रात येणारी प्रत्येक गोष्ट एका तिरप्या रेघेत आणि बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट दुहेरी तिरप्या रेघेत लिहायची शिस्त. त्यामुळे कुठला शब्द म्हणजे काय, यावर वाद नाही. ही वही विमानाचे वैमानिक आणि चायना लेक इथले, ते सॉफ्टवेअर सांभाळणारे इंजिनियर यांनी तपासली. पुढे १९९० च्या दशकात त्याच प्रयोगशाळेत कॉन्स्टन्स हाइटमायर यांच्या गटानं असे तक्ते आपोआप तपासणारी साधनं तयार केली. रिकामी चौकट आता संगणकच शोधू लागला.

आता जाऊ या इस्रायलला. १९८२ च्या डिसेंबरात डेव्हिड हॅरेल नावाचा एक तरुण गणिती आठवड्यातून एक दिवस इस्रायलच्या विमान कारखान्यात सल्लागार म्हणून जाऊ लागला. तिथे 'लावी' नावाचं लढाऊ विमान तयार होत होतं. लावी म्हणजे हिब्रूत तरुण सिंह. आपल्या भाषेत 'छावा' म्हणा ना! हॅरेल यांनी पुढे २००७ साली या दिवसांची हकिगत स्वतः लिहिली आहे, आणि ती वाचताना मला आमची मीटिंग आठवून हसू आवरेना.

ते विचारायचे, "वैमानिकानं दांड्यावरचं हे बटण दाबलं तर काय होतं?" इंजिनियर मंडळी दोन जाडजूड खंड काढायची, प्रत्येकी नऊशे-हजार पानांचे. कोणीतरी पहिल्या खंडातलं एक कलम शोधून उत्तर द्यायचं. मग हॅरेल विचारायचे, "पण अमुक क्षेपणास्त्रानं लक्ष्य पकडलेलं असेल तरीही?" की दुसरा कोणी म्हणायचा, "नाही नाही, दुसऱ्या खंडात वेगळं दिलंय." असं करत पाचव्या-सहाव्या प्रश्नाला पोहोचलं की कोणालाच उत्तर माहीत नसायचं, आणि मग हवाई दलाला फोन! गंमत म्हणजे ही माणसं अडाणी नव्हती. रडार, क्षेपणास्त्रं, उड्डाण यांतली ती तज्ज्ञ होती. प्रत्येकाला आपापला तुकडा ठाऊक होता. सबंध विमान कसं वागतं, हे मात्र त्या दोन हजार पानांतून कोणाच्याच डोळ्यांपुढे उभं राहत नव्हतं.

हॅरेल यांनी आधी मजकुरानंच प्रयत्न केला. शिस्तबद्ध, पायऱ्यापायऱ्यांची भाषा तयार केली. पण ती समजावून सांगताना कागदाच्या कडेला ते रेघोट्या ओढत. हळूहळू लक्षात आलं, की लोक मजकूर वाचत नाहीत, रेघोट्या बघतात. मग रेघोट्याच पुढे आल्या आणि मजकूर मागे गेला. त्यातून १९८३ मध्ये जन्माला आला स्टेटचार्ट.

अवस्था आणि बाण हे जुनंच होतं. त्याची अडचण साध्या हिशेबाची. समजा यंत्रात दहा स्वतंत्र भाग आहेत आणि प्रत्येक भाग चालू किंवा बंद असू शकतो. तर सबंध यंत्राच्या अवस्था होतात २ चा दहावा घात, म्हणजे १०२४. काढा इतके चौकोन! हॅरेल यांनी दोन युक्त्या केल्या. अवस्थेच्या पोटात अवस्था घालायची सोय केली, आणि एकाच वेळी शेजारी शेजारी चालणाऱ्या अवस्था तुटक रेघेनं वेगळ्या दाखवल्या. १०२४ ची गरज संपली, वीस चौकोनांत काम भागलं.

त्यांच्या हकिगतीतला माझा आवडता प्रसंग असा. फळ्यावर असाच एक स्टेटचार्ट काढलेला होता. दुसऱ्याच कामासाठी आलेला हवाई दलाचा एक वैमानिक तो बघत उभा राहिला. हे काय आहे म्हणून त्यानं विचारलं. दोन-तीन मिनिटांत त्याला कल्पना दिली गेली. त्यानं फळ्याकडे पाहिलं आणि एका बाणावर बोट ठेवून सांगितलं, की हा इथे नको, तिथे जायला हवा. आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं! दोन हजार पानं वाचून त्याला ती चूक सापडली असती का? लावी विमान १९८६ च्या शेवटच्या दिवशी पहिल्यांदा उडालं आणि १९८७ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं तो प्रकल्पच बंद केला. विमान गेलं, चित्र राहिलं. १९९७ मध्ये मान्यता मिळालेल्या यूएमएल या प्रमाण चित्रभाषेतही स्टेटचार्ट येऊन बसला आणि जगभरच्या कॉलेजांत शिकवला जाऊ लागला.

मग काय, चित्र जिंकलं? थांबा.

१९९४ साली कोणीतरी मोजदाद केली तेव्हा स्टेटचार्टचे वीसेक प्रकार निघाले, आणि त्यांचे अर्थ एकमेकांशी जुळत नव्हते. एकच उदाहरण देतो. मोठ्या चौकोनात छोटा चौकोन आहे. एकच घटना घडली, आणि तिच्यासाठी मोठ्या चौकोनातूनही बाण निघतो, छोट्यातूनही. कुठल्या बाणानं जायचं? हॅरेल यांच्या गटानं तयार केलेल्या स्टेटमेट या साधनात बाहेरचा बाण वरचढ. यूएमएलमध्ये आतला बाण वरचढ. चित्र तेच, अर्थ उलटा! म्हणजे 'चित्र अचूक असतं' म्हणणाऱ्यालाही विचारायला हवं, की कुठल्या नियमांनी वाचलेलं? आणि ते नियम कशात लिहिलेले असतात? अर्थातच मजकुरात.

१९८७ सालीच जिल लार्किन आणि हर्बर्ट सायमन यांनी आकृत्यांवर एक लेख लिहिला होता. चित्र दहा हजार शब्दांच्या तोडीचं का असतं, असा त्याच्या शीर्षकाचा आशय. पण शीर्षकातच कंसात 'कधीकधी' असा शब्द त्यांनी घातला होता. त्यांचा मुद्दा असा, की चित्रात आणि मजकुरात माहिती अगदी तितकीच असली तरी ती शोधायला लागणारे कष्ट सारखे नसतात. चित्रात संबंधित गोष्टी शेजारी असतात, म्हणून त्या पटकन सापडतात. पण शेजारी काय ठेवायचं ते काढणारा ठरवतो. त्यानं चुकीचं ठेवलं तर चूकही तितक्याच पटकन पटते!

या सगळ्याचा मेळ घालायची पाळी आली विमानांच्या टकरी टाळणाऱ्या यंत्रावर. टीकॅस हे त्याचं नाव. दोन विमानं धोकादायक जवळ आली की दोन्हींतली यंत्रं आपसांत ठरवतात, एकाला सांगतात वर जा, दुसऱ्याला सांगतात खाली जा. अमेरिकेत तीसहून जास्त आसनांच्या प्रवासी विमानांना १९९३ अखेरपर्यंत ते बसवणं सक्तीचं झालं. याचं सॉफ्टवेअर नेमकं काय करतं, हे लिहून काढायचं काम १९९० च्या सुमारास नॅन्सी लेव्हसन यांच्या गटाकडे आलं. त्या तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या शाखेत होत्या. समांतरपणे साध्या इंग्रजीत लिहायचाही एक प्रयत्न चालू होता, तो पुढे सोडून द्यावा लागला.

लेव्हसन यांच्या गटानं सुरुवात स्टेटचार्टनं केली. अवस्थांची मांडणी चित्रात छान बसली. पण एका अवस्थेतून दुसरीत जायच्या अटी इतक्या लांबलचक होत्या, की बाणावर लिहायला जागा पुरेना. तर्कशास्त्राच्या चिन्हांत लिहिल्या तर विमानवाल्यांना वाचता येईनात. मग त्यांनी अटींचे तक्ते केले. प्रत्येक ओळीत एक साधी अट, प्रत्येक उभ्या रकान्यात 'खरं', 'खोटं' किंवा 'काहीही चालेल' असं टिंब. कुठलाही एक रकाना पूर्ण जुळला की जायचं. म्हणजे पाहा, हॅरेल यांचं चित्र आणि नौदलाच्या प्रयोगशाळेसारखा तक्ता, दोन्ही एकाच वहीत नांदू लागले. पुढे २००० साली लेव्हसन यांनी आणखी एक पाऊल टाकलं. यंत्र काय करतं याच्याबरोबर ते तसं का करतं, हेही साध्या भाषेत, त्याच वहीत, जोडून लिहायला हवं, असं त्यांनी मांडलं. चित्र रचना सांगतं, तक्ता अटी सांगतो. कारण मात्र शब्दच सांगू शकतात.

आता थोडं जड लिहितो.

बोडनझे हा तलाव आमच्यापासून गाडीनं दोन तासांवर. त्याच्या काठी यूबरलिंगन नावाचं देखणं गाव आहे. १ जुलै २००२ च्या रात्री या गावाच्या आकाशात दोन विमानांची टक्कर झाली. एक रशियन तुपोलेव्ह, सुट्टीवर निघालेल्या शाळकरी मुलांनी भरलेलं, आणि एक मालवाहू बोईंग. ७१ माणसं गेली. दोन्ही विमानांत टीकॅस होतं आणि दोन्ही टीकॅस बोलले. तुपोलेव्हला सांगितलं वर जा, बोईंगला सांगितलं खाली जा. त्याच सुमारास झुरिकहून एकट्यानं काम ओढणाऱ्या कंट्रोलरनं तुपोलेव्हला सांगितलं, खाली जा. तुपोलेव्हनं कंट्रोलरचं ऐकलं. बोईंगनं टीकॅसचं ऐकलं. दोन्ही विमानं खाली गेली.

अपघाताला एकच कारण नव्हतं. त्या रात्री झुरिकच्या नियंत्रण कक्षातल्या कितीतरी गोष्टी बिघडलेल्या होत्या. पण २००४ मध्ये जर्मन तपास यंत्रणेचा अहवाल आला, त्यातल्या एका निष्कर्षापाशी मी अडखळलो. टीकॅस आणि कंट्रोलर यांनी परस्परविरुद्ध सांगितलं तर कोणाचं ऐकायचं, याबद्दलचे आंतरराष्ट्रीय नियम आणि विमान कंपन्यांची पुस्तकं यांत एकवाक्यता नव्हती. ती अपुरी होती आणि काही ठिकाणी एकमेकांच्या विरुद्ध होती.

म्हणजे यंत्राच्या पोटातला प्रत्येक बाण, प्रत्येक रकाना इतक्या कसोशीनं तपासला गेला. पण ज्या माणसानं ते ऐकायचं, त्याच्या हातातल्या पुस्तकाची आणि यंत्राच्या वहीची गाठ कोणी नीट घातली नाही. दोन दस्तऐवज, दोन उत्तरं. नंतर २००३ च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट झाला: टीकॅस सांगेल तेच करायचं, कंट्रोलर उलट सांगत असला तरीही. एक वाक्य.

यूबरलिंगनजवळच्या शेतात एक स्मारक आहे. तुटलेल्या मोत्यांच्या माळेचं. मोठमोठे धातूचे गोल गवतात विखुरलेले. मी ते पाहायला गेलो होतो तेव्हा आजूबाजूला कोणी नव्हतं, सफरचंदाच्या बागेत ट्रॅक्टर तेवढा चालला होता. आपलं काम म्हणजे कागदकाम, अशी तक्रार मी त्या दिवसानंतर पुन्हा केलेली नाही.

असो. आमच्या भांडणाचं पुढे काय झालं? साडेतीन तासांनंतर चाचण्या घेणाऱ्या एका वयस्कर बाईंनी हळूच विचारलं, "पण चार्जिंग आपोआप सुरू होऊ नये, असं मुळात कोणाला आणि का वाटलं होतं?" खोलीत शांतता. चित्रवाल्यांना माहीत नव्हतं, मजकूरवाल्यांनाही नव्हतं. हॅरेल यांचा पाचवा प्रश्न! शेवटी गिऱ्हाइकाला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, की यंत्र गरम होऊन थांबलं की दुरुस्तीवाला झाकण उघडून आत हात घालतो. थंड झाल्यावर ते आपोआप सुरू झालं तर?

म्हणजे मजकूर बरोबर होता. पण तो बरोबर का होता, हे ना मजकुरात होतं ना चित्रात. ते कारण लिहिलेलं असतं, तर चित्र काढणाऱ्याच्या हातून तो बाण सुटलाच नसता.

आता आमच्या वहीत नवे नियम आहेत. आकृती आणि तिचा मजकूर यांचा क्रमांक एकच. अटी दोनहून जास्त झाल्या की तक्ता. प्रत्येक पानावर, तंटा झाल्यास प्रमाण काय, याची एक ओळ. आणि प्रत्येक कलमाखाली 'कारण' नावाचा एक रकाना, तो रिकामा ठेवता येत नाही. यातलं काहीच आमचं डोकं नव्हे. पहिला नियम रॉस यांचा, दुसरा नौदलाच्या प्रयोगशाळेचा, तिसरा बांधकामवाल्यांचा आणि चौथा लेव्हसन यांचा. आम्ही फक्त उशिरा वाचलं.

आणि हो, 'गरम झालं' या चौकोनाचा परतीचा बाण आता बटणावरून जातो.